वासापुरता चहा

गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात माझी आणि झेंडूच्या मळ्यातल्या एका माणसाची गाठ पडायची. दोघांचंही लिव्हर खराब, दोघांनाही अधूनमधून घशातून दुर्बीण घालून घ्यावी लागे. मी गुंगीचं इंजेक्शन मागून घ्यायचो. तो मात्र घशात नुसता फवारा मारून घ्यायचा आणि डोळे पुसत बाहेर यायचा. घसा बधिर, गिळायला बंदी, तरी चहा मागवायचा. बाहेरच्या बाकावर कप नाकाशी धरून बसायचा आणि मग माझ्या बायकोपुढे करायचा.

"घ्या वैनी, माझा वास घेऊन झाला."

"एकदा तरी इंजेक्शन घ्या की," मी म्हणालो.

"नाय भाऊ. डॉक्टर म्हणले, आपल्या लिव्हरमुळं त्याची गुंगी लवकर उतरत नाय. मागं घेतलं, तर दोन दिवस बायकोला वळखलंच नाय. ती लय हसली. मग गोठ्यात जाऊन रडली."

पुढे गुंगीचं, पण लवकर उतरणारं नवं औषध आलं. तोवर त्याचं येणं थांबलं होतं. का, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

ते नवं औषध मला पहिल्यांदा दिलं, त्या दिवशी डोळे उघडताच मी बायकोला नावानं हाक मारली. ती लगबगीनं आली. मी तिच्या खांद्यावरून बाहेरच्या बाकाकडे बघत राहिलो. त्याला सांगायचं होतं.