सरांची उरलेली वाक्यं

सरांचा दहावा पंचवटीत उरकून मी तशीच ऑफिसला आले. मशीन रूमचं दार उघडलं तर मॉडेम किंचाळत होता. सर निरोप पाठवत होते.

द्राक्षांवर संशोधन करणाऱ्या आमच्या संस्थेत मी कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायचे. सर तिथले रोगांचे शास्त्रज्ञ. बागांमध्ये बसवलेल्या यंत्रांतून तापमान, पाऊस, दमटपणा यांचे आकडे माझ्या सर्व्हरवर यायचे. सरांनी लिहिलेला प्रोग्रॅम ते तपासायचा आणि रोज दुपारी निफाडकडच्या शेतकरी सोसायट्यांना आपोआप फॅक्स करायचा. तिथे तो मजकूर फळ्यावर लिहीत. वाक्यंही सरांनीच लिहून ठेवलेली, प्रत्येक हवामानाला एक. ‘रामराम मंडळी, पानं ओली आहेत, डावणीची बुरशी येणार. आजच बोर्डो फवारा, उद्या रडत माझ्याकडे येऊ नका.’ खाली त्यांचं नाव.

सरांच्या खात्यावरून चालणारं हे सगळं खरं तर बंद करायला हवं होतं. माणूस गेला की त्याचं खातं बंद, हा नियम माझाच. त्यावरून मी निवृत्त झालेल्या भल्याभल्यांशी भांडलेली. पण फळासाठीची गोडी छाटणी तोंडावर आलेली होती, आणि रोगांचा खरा धोका तिच्यानंतरच. एका बागायतदाराला मी फोनवर सांगितलं, “अहो, सर गेले.”

“ठाव हाय मला, मॅडम,” तो म्हणाला. “पण सांगतात लय बरोबर. चालू राहू द्या.”

नवा शास्त्रज्ञ येईपर्यंत चालू द्या, असं संचालकही म्हणाले. मग काय, चालू राहिलं. लोडशेडिंग लांबलं की यूपीएस मान टाकायचा आणि सगळी खोली गपगार व्हायची. वीज आली की बाकीचे प्रोग्रॅम मला हाताने उठवावे लागत. सरांचा मात्र आपला आपण उठायचा. त्यांनी तशी सोय करून ठेवली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी त्या वेळी खोलीत एकटी थांबत नसे.

मग सरांच्या पत्नीचा, वहिनींचा, फोन आला. फॅक्स अजून जातात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

“अगं, आज काय म्हणाले?”

मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, तिसऱ्या दिवशीही. वाक्यं फिरून फिरून तीच यायची, पण वहिनी दर वेळी नीट ऐकून घ्यायच्या. कधी हसायच्या. “मलाही असंच दटावायचे,” म्हणायच्या.

मार्गशीर्षात अवकाळी पाऊस लागून राहिला आणि कधीच न ऐकलेलं वाक्य आलं. ‘मंडळी, आता पंप ठेवून द्या. पावसाशी कुस्ती खेळू नका. घरी जा, गरम काहीतरी खा.’ स्क्रीनवरचा तो मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. माणूस जाऊन इतके दिवस झालेले आणि तो काहीतरी नवीन बोलत होता.

वहिनींनी ते मला फोनवर दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “अजून काही उरलंय का गं त्यांचं बोलायचं?”

मी प्रोग्रॅमची फाईल उघडून बघितली. एकच वाक्य उरलं होतं, निफाडचा पारा शून्याच्या आसपास उतरला तरच बाहेर पडणारं.

“एक आहे. वाचू?”

“नको. तशी थंडी पडली की सांग.”

पुढे नवा शास्त्रज्ञ आला, नवा सर्व्हर आला आणि निरोप सरकारी भाषेत जाऊ लागले. सरांचं खातं मीच बंद केलं. वहिनींना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “ते वाक्य तेवढं हरवू नकोस.” हरवणार कसं? पाठच झालं होतं. त्यानंतर हिवाळा आला की मी पेपरात निफाडचा पारा बघायचे आणि मनात म्हणायचे, नको, इतका खाली नको. वहिनी कशाची वाट बघत होत्या ते मला ठाऊक होतं. ते वाक्य कसं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग एका जानेवारीत बागांमध्ये दव गोठलं, द्राक्षाचे मणी तडकले. सकाळीच फोन वाजला.

“पडली बघ थंडी.”

मी वाक्य म्हटलं. “पहाटे बागेला पाणी द्या. बांधावर शेकोट्या पेटवा.”

“आणि?”

बाकी प्रत्येक वाक्यात काही ना काही थट्टा होती, माया होती. नेमकं ह्यातच नव्हतं. एवढी थंडी पडेल असं त्यांना वाटलंच नसावं, घाईत लिहून टाकलं असावं. मला सरांचा भयंकर राग आला. आणखी चार शब्द लिहायला काय झालं होतं? ते पदरचे घालणंही अवघड नव्हतं. सरांसारखं बोलायला मला एव्हाना चांगलं जमत होतं. पण जीभ रेटली नाही.

“एवढंच, वहिनी.”

“एवढंच?”

“हो.”

पलीकडे कुणीतरी कपबशा विसळत होतं, तो आवाज येत राहिला.

“बरं,” वहिनी म्हणाल्या. “मग आता गेले ते.”