उस्ताद आणि मेहुणा

परभणीच्या एमआयडीसीत गोविंदरावांचं पत्र्याचे पार्ट करायचं शेड हाय. तिथं मालकाच्या खालोखाल मान मुंजाजी उस्तादाचा. प्रेसमधी डाय बसवणारा तो एकटाच. डाय म्हंजे लोखंडी साचा. पत्रा त्याच्यावरच कापला जातो. डाय बदलायची म्हणलं की मुंजाजी आधी तंबाखू मळायचा, सगळ्यांना मागं सारायचा आणि डोळा बारीक करून प्रेसचा रॅम, म्हंजे वरून आदळणारा ठोकळा, इवलाइवला खाली आणायचा. तवर बाया भिंतीला टेकून बसायच्या. चहा यायचा. अर्धा दिवस मशीन गप. पण ‘उस्ताद, उरका’ म्हणायची कुणाची बिशाद न्हवती.

मग त्यानं स्वतःच मेहुण्याला शेडात आणलं. बजरंग चाकणच्या कंपनीतून गावी परत आलेला. कुसुमबाईनं भावासाठी नवऱ्याच्या मागं लकडा लावला. त्याच सुमारास फवारणी पंपाची एक कंपनी गोविंदरावांकडं आली. आजवर चीनहून आणलेले पार्ट त्यांना हितंच करून पाहिजे व्हते. मात्र एका नमुन्याचा ढीग नको. आज हा थोडा, उद्या तो थोडा.

“मुंजाजी, डाय बदलायला अर्धा दिवस लागला तर ही ऑर्डर आपली न्हाई,” गोविंदराव म्हणाले.

“डाय हाय मालक, बैलगाडीचं चाक न्हाई.”

“दाजी,” बजरंग मधीच बोलला, “प्रत्येक डायची उंची निराळी, म्हणून तुमाला रॅम हलवावा लागतो. बुटक्या डायखाली प्लेट जोडून सगळ्या सारख्या केल्या तर रॅमला हात लावायचं कामच न्हाई.”

“तुपलं चाकण चाकणला ठिव.”

मुंजाजी एका लग्नाला गंगाखेडला गेला आणि परत येऊन बघतो तर सगळ्या डायखाली प्लेटी. बजरंग आणि प्रेसवर काम करणारी सविता, दोघांनी डाय सरकवली, बोल्ट आवळले, अन् मशीन सुरू. चहावाला आत आला तर प्यायला कुणी रिकामं न्हाई. मुंजाजीनं तंबाखू मळलेली तशीच फेकून दिली.

“उस्ताद, लग्नात जेवण बाधलं का काय?” सवितानं विचारलं.

“तू पत्र्याकडं बघ. बोट जाईल.”

घरी कुसुमबाई भाकरी थापत म्हणाली, “मालक बजरंगचं लय नाव घ्यायलेत म्हणं.”

“घेऊ दे की. नाव घ्यायला काय पैशे पडतेत?” मुंजाजी म्हणाला आणि अर्ध्या भाकरीवरून उठला. म्या आणलं, म्या कामाला लावलं, अन् माझ्याच ताटात बसला, हेच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

कंपनीचे साहेब शेड बघायला आले त्या दिवशी मुंजाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला. डाय बदलून दाखवायची व्हती. बजरंग पाना उचलणार तवर मुंजाजी पुढं घुसला.

“सरक. हे काम माझं हाय.”

“दाजी, रॅमला तेवढं...”

“मला शिकवतू?”

डाय बसली. हिथवर ठीक व्हतं. पण साहेब बघायलेत म्हणल्यावर हाताला जुनी खोड आठवली. ह्या बुटक्या डायला रॅम किती खाली घ्यायचा हे त्याच्या हातात मुरलेलं. त्यानं तेवढा घेतला. खाली प्लेट हाय हे ध्यानातच न्हाई. मशीन दाबली. कडाड्! पंचाचा, म्हंजे डायमधल्या पत्रा कापणाऱ्या दांड्याचा, तुकडा उडून कोपऱ्यात गेला.

गोविंदरावांचं तोंड पांढरं पडलं.

“चूक माझी साहेब,” बजरंग म्हणाला. “प्लेट लावली ते दाजींना नीट सांगायचं राहून गेलं.” मग सविताला हाक मारून त्यानं दुसरी डाय चढवली. साहेबांच्या हातातला चहा सरायच्या आत पार्ट पडायला लागले. साहेब हसले. थोडा माल करून बघा म्हणाले, आणि गेले.

सगळे बजरंगच्या भोवती. “बजरंगभाऊ, मन मोठं बरं का तुमचं!” मुंजाजी प्रेसपाशी एकटा. बजरंगनं वाचवलं त्याचं त्याला कायच न्हाई वाटलं. काम गेलं, नाव गेलं, अन् आता चूकसुद्धा हा घेऊन चालला व्हय? तो तडक गोविंदरावांच्या टेबलापुढं उभा राहिला.

“मालक, पंच म्या मोडला.”

“बजरंग तर म्हणायलाय...”

“त्याचं काय ऐकता! त्यानं सांगितलं व्हतं मला, म्या ऐकलं न्हाई. अन् त्याला कुठं येतंय मोडायला? तेवढा रॅम खाली आणायला हातात कसब लागतं. म्या आणला, म्या मोडला. माझ्या नावावर लावा.”

गोविंदरावांनी वही पुढं ओढली. “लावलं. आता नवा पंच बसव. अन् रॅमला हात लावलास तर बघ.”

मुंजाजी परत आला तवर बजरंगनं मोडक्या डायचं एक टोक धरलं व्हतं.

“दाजी, तिकडून धरा.”

मुंजाजीनं धरलं. दोघांनी डाय उचलली. वजन दोघांना सारखंच, पण बजरंगच्या कपाळावर घाम न्हवता, हे मुंजाजीनं पयलं बघून घेतलं.