मंगेशनं शोधलेले राक्षस

मंगेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला, ऑफिसात होतो. वलगावहून त्याची बहीण बोलत होती. "दादा, भाऊ गेला... झेंडू तोडून राहिला होता, तिथंच बसला." याला आता दीड महिना झाला.

अमरावतीला आम्ही एका खोलीवर राहून शिकलो. मी घरातला पहिला पदवीधर. त्याचा ताठा होता, अजून आहे. मंगेशनं दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं अन् वडिलांच्या फुलांच्या मळ्यात परतला. खोलीवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकच गेम होता. गावोगाव फिरायचं, राक्षस मारायचे, आपल्या हीरोची ताकद वाढवायची. मी तो एकदा संपवून सोडून दिला. मंगेश मात्र गेमच्या फाइली उघडून आत राहून गेलेले राक्षस शोधायचा. बनवणाऱ्यांनी ते घडवले होते, पण खेळात कुठंच सोडले नव्हते.

"काहून बे, जे येतच नाही त्याच्या मागं लागून राहिला?"

"तुमाले नाही समजत, बी.ए. साहेब! हा पाह्य, याले शिंगं देल्ली, चाल देल्ली... अन् दारातूनच वापस."

एका ठेंगण्या, शेपटीवाल्या राक्षसावर त्याचा फार जीव. त्याची मरतानाची सगळी चित्रं फाइलीत होती, हल्ल्याचं एकही नव्हतं. "याले मरता येते गड्या, मारता येत नाही," मंगेश म्हणायचा. पुढं मळा सांभाळून, चार महिने खपून त्यानं तो राक्षस गेममधल्या एका नदीकाठी जिवंत उभा केला.

हे शोध जगभरातले खेळणारे वाचतात अशा साइटवर मी टाकायचो. इंग्रजी माझं, म्हणून खातंही माझ्याच नावाचं. शाबासकी मला यायची. मी ती त्याला वाचून दाखवायचो, पण हे काम मंगेशचं आहे एवढी एक ओळ मी कधी लिहिली नाही. एकदाच, बडनेऱ्याच्या फलाटावर, त्यानं विचारलं होतं, "आपलं नाव हाय काय बे तिथं कुठी?" "टाकतो ना," मी म्हटलं. गाडी आली, मी चढलो...

तेरवीनंतर त्याच्या खोलीत गेलो. कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर घडी घातलेली गोधडी त्याच्या बसण्याएवढीच दबलेली होती. मी तिच्यावर बसलो नाही, उभ्यानंच त्या साइटवर लिहिलं, की यातला एकही राक्षस मी शोधलेला नाही, सगळे वलगावच्या मंगेशनं शोधले.

मंगेशची आई, काकू, मागं येऊन उभ्या होत्या. "कुठी हाय त्याचं नाव?"

मी पडद्यावर बोट ठेवलं अन् वाचलं.

"अजून एक डाव वाच," काकू म्हणाल्या.