कावळ्यासमोर दिलेला शब्द

नवऱ्याच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. पोरीला शिकवू, सासूबाईंना सांभाळू, सगळं कबूल करून झालं. कावळे आपले भिंतीवर बसून बघतायत नुसते.

मग ह्यांचा दोस्त पुढे आला. अंबडच्या एकाच कंपनीत दोघं, कामावरही जोडीनं सायकलवर जायचे. त्या सकाळी मोटारीनं ह्यांना उडवलं तेव्हा हा चार हात मागे होता. डोळ्यांनी बघणारा तोच एकटा. हात जोडून म्हणाला, "दोस्ता, गाडीवाल्याच्या कानाला फोन होता. कोर्टात सांगेन मी. जा तू आता."

आणि काय सांगू, कावळा शिवला! मी भाऊजींच्या पायाच पडले.

गाडीवाल्याला जामीन अपघाताच्याच दिवशी. मोटार आठवड्याभरात सुटली, गंगापूर रोडला धुऊनपुसून फिरायला लागली. ह्यांची सायकल मात्र मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या मागे, वाकड्या चाकानिशी पडून. मागायला गेले तर म्हणे वकील करा, अर्ज करा. म्हणजे मारणारा घरी आणि मेलेल्याची सायकल अटकेत. वा रे कायदा! वर गाडीवाल्याचा वकील मलाच विचारतो, सायकलला मागे लाल दिवा होता का? अहो, लख्ख उजाडलं होतं!

तरी मला घोर नव्हता. भाऊजी होते ना.

भाऊजी पिंजऱ्यात उभे राहिले ते माझ्याकडे न बघताच. "साहेब, माझं लक्ष नव्हतं. सायकल मध्ये आली असेल." फोन? "नाही बघितला."

गाडीवाला सुटला. बाहेर व्हरांड्यात मी भाऊजींना गाठलंच.

"वहिनी, तो आमच्या मालकांचा पाहुणा निघाला. मला पोरंबाळं आहेत."

"आणि मला काय मांजरं आहेत?"

मान खाली घालून गेला. तेव्हापासून त्याला भाऊजी म्हणत नाही मी. मोटारवाला तर परका होता. ह्यानं माझ्या हातचं जेवण जेवून गळा कापला.

यंदा पितृपक्षात गच्चीवर घास ठेवला. हात मागे घेतला नाही तोच कावळा आला आणि खायला लागला. माझं डोकंच फिरलं. शेजारीपाजारी बघत होते, बघेनात का, मी ओरडले, "अहो, थांबा जरा! तो खोटं बोलला. त्या दिवशी तुम्ही उगाच शिवलात."