साडूच्या सीड्या आणि शाळूवरची पाखरं

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ही पृथ्वी वाचलीच तर माझ्या साडूमुळे वाचेल. आणि बुडाली तर, माझ्या मेहुणीच्या मते, त्याच्याचमुळे बुडेल.

मंगळवार पेठेत त्याचं वायंडिंगचं, म्हणजे विजेच्या जळक्या मोटारींच्या तारा नव्यानं गुंडाळून देण्याचं दुकान आहे. वय पन्नाशीपुढचं आणि नाद व्हिडिओ गेमचा. पण त्याचं खेळणं साधं नव्हे. गेम दुकानातून सीडीवर आणावा की इंटरनेटवरून उतरवून घ्यावा, यातलं कोणतं पाप धरणीमातेला कमी जड, या प्रश्नावरून तो कुणालाही कुठेही गाठतो. एका लग्नाच्या पंगतीत त्यानं मला हातात जिलेबी धरून समजावलं होतं की सीडी प्लास्टिकची, तिची डबी प्लास्टिकची, डबीवरचं वेष्टन प्लास्टिकचं आणि वर ट्रकचा धूर. मी भाबडेपणानं म्हणालो, मग डाउनलोड कर. त्यानं दुसरी जिलेबी उचलली. "पावणं, ते काय आभाळातनं पडतंय व्हय? तिकडं कपाटाएवढी मशीनं रातंदिस तापत्यात. त्यास्नी गार ठेवायला आणि करंट." वायंडिंगवाल्याशी करंटवरून वाद कोण घालणार?

एकदा डाउनलोडला घरात किती वीज लागते हे पाहण्यासाठी त्यानं फ्रिजसकट सगळं घर बंद केलं आणि मीटरसमोर स्टूल टाकून बसला. मीटर जेमतेम हललं. आमच्या सासऱ्यांसाठी आणलेलं आइस्क्रीम मात्र पूर्ण वितळलं. सासरे ते वाटीला तोंड लावून प्याले आणि त्याच्याकडे बघत, मी किती गुणी जावई आहे हे सगळ्यांना सांगत राहिले.

गेल्या दिवाळीनंतर एकदाचा निकाल लागला: इथून पुढं डाउनलोड. गेम खेळायचं नवं मशीन आलं, त्याला सीडी घालायला फटच नाही. जुनं माळ्यावर गेलं, कारण हा माणूस काहीच टाकत नाही. राहिल्या साठएक सीड्या. त्या घंटागाडीत टाकणं त्याच्या लेखी खून. मग त्याला आठवलं की शेतात चकाकत्या सीड्या टांगल्या की पाखरं भितात. गडहिंग्लजकडचा एक जैन शेतकरी मित्र दुरुस्तीची मोटार न्यायला आला होता. साडूनं सगळ्या सीड्या त्याच्या गाडीत घातल्या आणि शाळूवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर, टांगायला सांगितलं. पुढं महिनाभर तो पेठेत शास्त्रज्ञासारखा चालत होता.

आणि एका बुधवारी त्याच्या मुलीचा बंगळुरूहून फोन आला. चार वर्षांपूर्वी नोकरीला लागल्यापासून ती यायची ती एका दिवसापुरती, मांडीवर लॅपटॉप घेऊन. या खेपेला मात्र रविवारपासून तीन दिवस राहणार होती. म्हणाली, बाबा, आपण दोघं खेळायचो तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम काढून ठेवा. तो गेम आता ना दुकानात मिळत होता, ना इंटरनेटवर. दोन दिवस साडूनं पृथ्वीचं नावही काढलं नाही. घाबरून मेहुणीनं मला बोलावून घेतलं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गडहिंग्लजच्या एसटीत बसलो. उन्हादवात महिनाभर लटकलेली सीडी पुन्हा चालत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी वाटभर तो खिडकीतून कुठं काही चकाकतंय का बघत होता. मित्राच्या शेतावर पोचलो तर शाळू हुरड्याला आलेला, त्यावर पाखरांची जत्रा, आणि सीडी एकही नाही. साडू बांधावर मटकन बसला. "गेल्या," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात मित्राची आई स्टीलचा डबा घेऊन घरातून आली. मुंगी बघून पाऊल टाकणारी ती म्हातारी. मुलानं सीड्या टांगायला घेतल्या त्याच दिवशी तिनं त्या काढून घेतल्या होत्या आणि पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. परत पाठवल्या तर पावण्यांना वाईट वाटेल, म्हणून गप्प बसली होती. आता ओशाळून म्हणाली, "आमच्या घरात पाखरं हाकलत न्हाईत, बाळ. त्यांनी तरी कुठं जायाचं?" पाखरं हाकलायचं सामान नेमकं या घरी धाडणारा माणूस जगात एकच, आणि तो आमच्या नात्यात. त्यानं डबा उघडला. शर्यतीची सीडी वरून दुसरी होती, एक ओरखडा नाही. तो वाकून म्हातारीच्या पाया पडला आणि बराच वेळ उठलाच नाही.

परतताना डबा त्याच्या मांडीवर होता. आता पाखरं, प्लास्टिक आणि डिझेलवर व्याख्यान होणार म्हणून मी मनाची तयारी केली होती, पण तो दर थांब्याला झाकण उघडून वरून दुसरी सीडी जागेवर आहे ना हे बघत होता. मला चेष्टा करवेना. कागल मागं पडलं, आणि कंडक्टरसुद्धा वळून बघेल अशा आवाजात तो एकदम म्हणाला, "चार वर्षं झाली पावणं, मला कुणी हरवलंच न्हाय की."