खांबावरचा कप
चहात वेलची जास्त पडली की मला अंबरनाथच्या कारखान्याच्या फाटकासमोरची ती टपरी आठवते. मी मोरिवलीच्या महारवाड्यातला. गावची मेलेली गुरं ओढायचं काम सोडून नुकताच कारखान्यात लागलो होतो. टपरीवाला फाळणीत सगळं गमावून उल्हासनगरच्या छावणीत आलेला सिंधी. तिकडे सिंधमध्ये त्याचं कापडाचं दुकान होतं, चहाच्या कामाची सवय नव्हती, त्यामुळे चहा गाळताना हात भाजून घ्यायचा. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांसारखाच ग्लास माझ्या हातात दिला. दुकानातला ग्लास मी तोवर कधी धरलाच नव्हता. चहा निवेपर्यंत नुसता धरून बसलो. मी उठल्यावर आमच्या गावच्या पाटलांची दोन मुलं त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खांबाला खिळा ठोकून एक कप अडकवलेला होता. "क्या करूं भाऊ, नाहीतर बाकी लोक येणार नाय," तो खाली बघत म्हणाला. "मला पण इथेच धंदा करायचाय." मी चहा प्यालो, कप धुऊन पुन्हा खिळ्याला लावला आणि पाळीवर गेलो. कप नवाकोरा होता, गुलाबाच्या फुलांचा. आज माझ्या कपाटात पाहुण्यांसाठी चिनी मातीचा सेट आहे. त्यातला एकही कप तेवढा देखणा नाही.