शेक न घेता मोजलेला कोन

नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि सांगितले, "गुडघ्याचा क्षय आटोक्यात आलाय, बाई, पण सांधा उरलेला नाही. आर्थ्रोडेसिस करू." म्हणजे गुडघ्याची हाडे एकमेकांना जोडून पाय कायमचा सरळ करणे. दुखणे थांबेल, पाय पुन्हा वाकणार नाही.

मी भौतिकशास्त्राची अधिव्याख्याता, तीही हंगामी. एक तास फळ्यापाशी उभे राहणे मला अशक्य झाले होते. तरी मी नकार दिला. उत्तर मिळत नसेल तर प्रयत्न अपुरे आहेत, अशीच माझी समजूत होती. शिवाय एक भीती होती, जी डॉक्टरांना सांगितली नाही: सरळ पाय पुढे पसरून मी विहारात बसणार कशी? बुद्धमूर्तीकडे आम्ही पाय करत नाही.

व्यायाम लिहून घेतले आणि रजा टाकून अहमदपूरला घरी आले.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्यांवरचे उस्मानाबाद खोडले गेले. नळ मात्र कोरडेच राहिले. आई टँकरच्या रांगेतून पाणी आणी आणि त्यातले पातेलेभर माझ्या शेकासाठी तापवी. शेकानंतर मी गुडघा दाबून वाकवी आणि कंपासपेटीतला कोनमापक लावी. कोन किंचित वाढलेला दिसे. त्या किंचितवर मी पुढचा दिवस काढी.

"वाढून राहिलाय, माय."

"कोन वाढतोय अन् तू वाळून राहिलीस. आरशात बी मोज की एकदा."

एके दिवशी टँकर आलाच नाही. आईने पातेल्यावर झाकण ठेवले. "आज शेक न्हाई. प्यायला लागंल."

सवयीने मी तसाच कोन मोजला. नांदेडहून आले तेव्हा होता, तेवढाच. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. कोनमापक खोटे बोलत नव्हता. मोजण्याची वेळ मी निवडत होते.

तुमच्यापैकी कुणी अशा वळणावर थकून बसले असेल, तर माझी एकच विनंती: थांबायचे की नाही हे ठरवताना शेकाविना मोजा. थकवा हा हरल्याचा पुरावा नाही. तग धरणे हाही सुधारणेचा पुरावा नाही.

नांदेडला परत जाऊन डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा ते हसले नाहीत. "वाकणं सोडलंत तर उभं राहणं देऊ शकतो. दोन्ही माझ्याकडे नाहीत."

शस्त्रक्रिया झाली. प्लास्टर, कुबड्या, खाज आणि वाट पाहणे. त्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. पुढे तास घेऊ लागले.

प्लास्टर निघाल्यानंतरच्या पौर्णिमेला विहाराच्या दारात भिंत धरून उभी होते. आई आत जाऊन मूर्तीकडे तोंड करून बसली आणि मागची जागा हाताने थोपटली.

"ये. पाय माझ्याकडं कर."

"माय, तुला पाय लागंल."

"लागू दे की. नऊ महिने पोटात मारलेस, तवा काय इचारलं व्हतंस?"

मी बसले. वंदना सुरू झाली. गुडघा दुखत नव्हता; टाच तिच्या पाठीला टेकली होती.